सूनबाईचा हात आणि माझे नैसर्गिक उपाय

आमच्या सूनबाईचा हात भाजला तेव्हा घरात तीन माणसं होती आणि त्यांपैकी दोघींना काय करायचं ते कळत होतं. तिसरा मी. तरीही उपचारांची सगळी जबाबदारी माझ्यावर आली. ती कशी आली हे एकदा नीट सांगायला हवं, कारण नंतर इमारतभर जो बोभाटा झाला त्यात माझी बाजू कुणी ऐकूनच घेतलेली नाही. मी हळू बोलतो, हेही त्याचं एक कारण असेल. माझी सारी नोकरी सार्वजनिक ग्रंथालयात गेली. तिथे मोठ्याने बोलणाऱ्यांना बाहेर काढायचं काम माझ्याकडे होतं आणि तेसुद्धा हळू आवाजातच करावं लागे. त्यामुळे बरेचजण बाहेर गेलेच नाहीत.

सूनबाई आमच्या मागच्या खोलीत पाव, बिस्किटं आणि केक करते. चांगली बसून करायची नोकरी सोडून तिने हा उद्योग मांडला, तेव्हा आमच्या चिरंजीवांची परगावी बदली झालेली होती आणि आमच्या हिचं मत, ‘होऊ दे, घरात निदान एकतरी माणूस हालचाल करील,’ असं पडलं. हे बोलताना हिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. पाहायची गरजही नव्हती. मी खिडकीजवळच्या खुर्चीत वाचत होतो.

वर्षभर इमारतीतल्या लोकांना पाव विकल्यावर सूनबाईला मोठं गिऱ्हाईक मिळालं. जवळच्या रुग्णालयाच्या उपाहारगृहाने रोजचा पाव तिच्याकडून घ्यायचं कबूल केलं. अट एकच, सरकारी परवाना हवा. तो पहिल्या तारखेच्या आत मिळाला नाही तर ते दुसरीकडे जाणार होते. त्या भरवशावर तिने मोठा ओव्हन घेऊन ठेवला होता, आणि तो आल्यापासून ती रात्री नीट झोपत नव्हती. पुढच्या आठवड्यात तपासणी ठरली. नियमांची लांबलचक यादी आली होती. ती मी चांगल्या अक्षरात लिहून भट्टीच्या खोलीत भिंतीवर लावली. त्यात सातव्या क्रमांकाला असं होतं की स्वयंपाकघरात काम करणाऱ्या कुणाच्याही हातावर उघडी जखम असता कामा नये.

आणि नेमका तिचा हात भाजला. तापलेल्या ट्रेची कड मनगटाच्या वर लागली. चांगला बोटभर लांब चट्टा उठला.

ती ओरडली नाही. नुसता ‘स्स’ असा आवाज आला आणि मग नळाचा. आमची ही उठून आत गेली. मीही उठलो, पण कपाटाकडे. माझ्याकडे नैसर्गिक उपचारांवरचा एक जाडजूड ग्रंथ आहे. तो मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतला होता आणि गेली कित्येक वर्षं घरात कुणी आजारी पडायची, म्हणजे तसं नव्हे, पण तो उपयोगी पडायची वाट पाहत होतो. मी ‘भाजणे’ हे प्रकरण उघडलं. पहिला परिच्छेद अगदीच सामान्य वाटला. विद्वान लेखकसुद्धा सुरुवातीला काहीतरी बाळबोध लिहितात. तो ओलांडून मी थेट वनस्पतींवर गेलो आणि भट्टीच्या खोलीच्या दारात उभा राहून वाचायला लागलो.

सूनबाई नळाखाली हात धरून उभी होती. मी तिला म्हटलं की जरा बाहेर ये, पाण्याच्या आवाजात नीट ऐकू येणार नाही.

“वाचा तुम्ही, बाबा. मी ऐकतेय,” ती म्हणाली. हात काही तिने नळाखालून काढला नाही.

मग मी वाचत राहिलो. आधी वनस्पतींची लक्षणं, मग त्यांची इतर नावं, मग कुठल्या काळात कुणी त्या वापरल्या त्याचा इतिहास. तळटीपाही वाचल्या, कारण तळटीपा सोडून वाचणं मला जमत नाही. मधे एकदा आमची ही म्हणाली की संपेपर्यंत पोरगी म्हातारी होईल. सूनबाई मात्र अधूनमधून ‘हं’ म्हणत होती. प्रकरण संपलं तेव्हा तिने नळ बंद केला, हात हळूच टिपला आणि आमच्या हिने त्यावर स्वच्छ धुतलेलं मऊ कापड सैलसर गुंडाळलं. माझ्या वाचनातून दोघींनी काहीच घेतलं नाही असं मला वाटलं आणि मी जरा खट्टू होऊन पुस्तक मिटलं.

बातमी जिन्याने वर गेली. आमच्या इमारतीत बातमी आधी वर जाते, मग खाली येते. वरच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात. ते आले तेव्हा त्यांच्या हातात दात घासायच्या पेस्टची अर्धी पिळलेली नळी होती. भाजल्यावर ती लावली की जागीच थंड, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं वाक्य पुरं होतंय तोवर समोरच्या वहिनी बटाटा घेऊन आल्या. त्यांच्या माहेरी म्हणे एकाच्या पाठीवर उकळतं पाणी सांडलं होतं आणि बटाट्याच्या सालींनी तो पंधरवड्यात पोहायला लागला. तो आधी पोहत होता का, असं पोस्टमास्तरांनी विचारलं. तिथून वादाला तोंड फुटलं. वहिनींनी मग अंड्याचा पांढरा बलक पुढे केला, पोस्टमास्तरांनी मध, वहिनींनी लोणी, पोस्टमास्तरांनी शाई. दोघं आळीपाळीने सूनबाईच्या हाताकडे सरकत होती आणि सूनबाई भिंतीकडे.

अखेर तिची पाठ भिंतीला लागली. तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, “माझे उपचार बाबा बघतायत. त्यांचा या विषयाचा अभ्यास आहे. ते सांगतील तेच मी लावणार.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. या घरात माझ्याकडे इतक्या माणसांनी एकदम पाहिल्याचं मला आठवत नाही. लग्नात पाहिलं असेल, पण तेव्हा मी खाली बघत होतो. मला घाम फुटला. तरीही छातीत कुठेतरी काहीतरी फुललं, हे मी नाकारत नाही. अभ्यास आहे, असं ती म्हणाली होती, आणि तेही परक्या माणसांसमोर. मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो की कुठलाही उपाय सूनबाईच्या हातावर जाण्याआधी त्याची चाचणी झाली पाहिजे. ती मी स्वतःच्या हातावर करीन.

हे वाक्य मी का बोललो ते मला आजही माहीत नाही. पण बोललो ते बरं झालं, कारण बटाटा, अंडं, पेस्ट आणि मध ही सगळी सामग्री सूनबाईसमोरून उठून माझ्या टेबलावर आली. आमची ही नंतर म्हणाली, “काय हुशार आहे पोरगी. दोघांचा ससेमिरा कसा तुमच्याकडे वळवला.” मी म्हटलं की तसं नाही, तिचा माझ्यावर विश्वास आहे. ही नुसती हसली. त्या हसण्यावर मी दोन दिवस विचार केला.

चाचण्या मात्र मी पद्धतशीर केल्या. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत शाईने चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात एकेक औषध लावलं. पेस्टने चुरचुरलं. अंड्याच्या पांढऱ्या बलकाने कातडी अशी ताणली गेली की हात उघडताना दाराच्या बिजागरीसारखी कुरकुर होईल की काय असं वाटलं. बटाट्याच्या साली रुमालाने बांधून मी वाचनालयात गेलो, आणि तिथे वर्तमानपत्राचं पान उलटताना एक साल बाहीतून घसरून शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर पडली. त्यांनी ती उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता परत दिली. वाचनालयातली माणसं सभ्य असतात. मधाचा चौकोन मला आवडला होता, पण दुपारी वाचता वाचता डोळा लागला आणि जाग आली तेव्हा मुंग्यांची रांग खिडकीतून खुर्चीवर, खुर्चीवरून माझ्यावर आणि माझ्यावरून एका दुर्मीळ शब्दकोशावर गेली होती. शब्दकोशाचं मला फार वाईट वाटलं.

निष्कर्ष काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं की सगळे उपाय शंभर टक्के गुणकारी ठरले आहेत. एकाही चौकोनात भाजल्याची खूण उरली नव्हती. मग हेही लक्षात आलं की माझा हात मुळात भाजलेलाच नव्हता. संशोधनात अशा अडचणी येतात.

या सगळ्यात मी भट्टीच्या खोलीत जाऊन बसू लागलो होतो. सूनबाईचा हात दुखत होता आणि तिला सोबत लागेल, एवढाच हेतू. बसल्या बसल्या पीठ चाळून देत असे. ट्रे घासायला तिला जड जायचं, म्हणून ते घासत असे. तिच्या बरण्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. हे मात्र माझ्याने पाहवेना. मी सगळ्या बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या, त्यांवर आत काय आहे, कधी आणलं, कधीपर्यंत वापरायचं ते लिहिलं आणि बरण्या वर्णानुक्रमे लावल्या. सूनबाई पहाटे माझ्याआधी उठलेली असे. आम्ही फारसं बोलत नसू. ती पीठ मळताना काहीतरी गुणगुणायची आणि मी आलो की थांबायची. तिसऱ्या दिवसापासून थांबेनाशी झाली.

आता सगळ्यात गंभीर प्रकार. मला वाटलं, जखम भरायला वेळ लागतोय, तर तपासणीच थोडी पुढे ढकलून मिळाली तर बरं. घरात न विचारता मी परवान्याच्या कार्यालयात गेलो. कार्यालयात जायला मी फार घाबरतो. खिडकीतला माणूस ‘बोला’ म्हणाला की मला काय बोलायचं होतं ते आठवत नाही. म्हणून सगळं घोकून गेलो होतो. पहिल्या खिडकीवर घोकलेलं सगळं म्हणून झाल्यावर कळलं की ती खिडकी वजनमापांची आहे. दुसऱ्या खिडकीवरचे कारकून जेवायला गेले होते. ते आले तेव्हा मी घाईघाईने विचारलं की परवान्यासाठी जखम असली तर काय करावं.

“परवान्यासाठी जखम लागत नाही,” ते म्हणाले. “दोन फोटो लागतात.”

मी समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, जखम उघडी की झाकलेली. मी म्हटलं, झाकलेली, पण कापड काढलं तर उघडी. त्यांनी विचारलं, अर्जदाराची की कामगाराची. मी म्हटलं, कामगार कुणी नाही, सूनबाई एकटीच आहे. मग तपासणी पुढे ढकलायची असेल तर नवा अर्ज, नवी तारीख, आणि ती दीड महिन्यानंतरची, असं निघालं. दीड महिन्याने पहिली तारीख केव्हाच उलटून गेली असती. मी म्हटलं, राहू द्या, मी सहज विचारत होतो. कारकून म्हणाले की इथे सहज असं काही नसतं. त्यांनी सूनबाईचा अर्ज शोधून काढला आणि त्यावर लाल शाईने लिहिलं: ‘जखमेबाबत तोंडी माहिती मिळाली. तपासणीत खात्री करावी.’

म्हणजे ज्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं, तिच्याखाली मी स्वतः जाऊन लाल रेघ ओढून घेतली होती. घरी येताना मी लांबच्या रस्त्याने आलो.

सूनबाईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. ती थांबली. मला वाटलं, आता बोलेल, आणि बोलली असती तर तिचा हक्कच होता. ती एवढंच म्हणाली, “बाबा, तुम्ही माझ्यासाठी त्या कार्यालयात गेलात? एकटे?” आणि पुन्हा मळायला लागली, जरा जोरात.

आता जखम तपासणीपूर्वी भरलीच पाहिजे होती. मी ग्रंथ पुन्हा उघडला. सगळ्यात जास्त पानं कोरफडीवर होती. पोस्टमास्तरांकडे गॅलरीत एक भलंमोठं कोरफडीचं झाड आहे. ते त्यांनी नोकरीत असताना कुठल्याशा गावाहून आणलं, पोराबाळांसारखं वाढवलं आणि त्याच्या एकेका पानाचं त्यांना मोठं कौतुक. त्यांनी मोठ्या मनाने एक पान कापून दिलं. नियमाप्रमाणे आधी माझी चाचणी. मी त्याचा रस कोपरापर्यंत चांगला चोळून लावला. सुरुवातीला थंड वाटलं. मग खाजलं. मग असं खाजलं की मी आयुष्यात पहिल्यांदा घरात मोठ्याने बोललो. संध्याकाळपर्यंत हात लालभडक होऊन त्यावर पुरळ उठला होता. ग्रंथातलं चित्र आणि ते पान शेजारी ठेवून पाहिल्यावर खुलासा झाला. ते कोरफडीचं झाड नव्हतंच. तिच्यासारखीच दिसणारी, काटेरी, दोर काढायच्या कामाची ती घायपात होती. पोस्टमास्तरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना. ते म्हणाले की झाडात दोष नाही, तुमची कातडी पुस्तकी आहे.

आणि त्या खाजऱ्या हाताने दुसऱ्या दिवशी पहाटे मी ट्रे काढायला गेलो. सूनबाई मागे वळून काही घेत होती, घंटी वाजली, पाव करपेल असं वाटलं. मी एक पातळ फडकं घेतलं. फडकं ओलं होतं. ओल्या फडक्यातून उष्णता किती चटकन येते हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. ट्रे मी खाली टाकला नाही. टेबलावर ठेवला आणि मगच हात सोडला. बोटांच्या टोकांवर आणि तळव्यावर फोड आले. पाव मात्र सगळे उभे होते. ही गोष्ट कुणी लक्षात घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

ट्रे ठेवला आणि मी सवयीने कपाटाकडे निघालो. सूनबाईने मला दंडाला धरून नळाशी नेलं, हात पाण्याखाली धरला आणि म्हणाली, “हलायचं नाही.” मग स्वतः जाऊन तो ग्रंथ घेऊन आली. एका हाताने मला धरून, दुसऱ्या हातात ग्रंथ पेलून तिने ‘भाजणे’ हे प्रकरण वाचायला सुरुवात केली. पहिल्या परिच्छेदापासून.

त्यात लिहिलं होतं की भाजल्याबरोबर भाग वाहत्या थंड पाण्याखाली निदान वीस मिनिटं धरावा; बर्फ, लोणी, पेस्ट, अंडं, यांतलं काहीही लावू नये; फोड फोडू नयेत; स्वच्छ कापडाने सैल झाकावं आणि भाजलेलं मोठं किंवा खोल असेल तर थेट डॉक्टर गाठावा. बाकीचं सर्व नंतर. ती शांतपणे वाचत होती आणि मी पाण्याकडे बघत होतो. परिच्छेद संपल्यावर तिने मला एका शब्दानेही टोचलं नाही. ती म्हणाली, “आता वनस्पती वाचू?” मी म्हटलं, वाच. तिने तळटीपासुद्धा वाचल्या.

फोड तळव्यावर होते म्हणून तिने मला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी माझा हात पाहिला. त्यावर घायपातीचा पुरळ, मधावर आलेल्या मुंग्यांचे चावे, पुसट झालेले शाईचे चौकोन आणि ताजे फोड एवढं सगळं होतं. ते बराच वेळ बघत राहिले, बहुधा सुरुवात कुठून करावी हे ठरवत असावेत. मध आणि कोरफडीला काही अर्थ आहे, ते म्हणाले, पण शुद्ध करून औषध म्हणून तयार केलेलं असेल आणि कुणी जाणत्याने सांगितलं असेल तर. शेजाऱ्याच्या गॅलरीतलं नव्हे. त्यांनी मलमपट्टी केली. मग सोबत आलेल्या सूनबाईचाही हात पाहून घेतला. कापड सोडलं तर खाली गुलाबी, कोरडी, भरलेली कातडी. फार छान भरलंय, ते म्हणाले. भाजल्यावर काय केलं होतं?

सूनबाई म्हणाली की पाण्याखाली धरला होता. बराच वेळ.

लोक दोन मिनिटांत कंटाळतात, डॉक्टर म्हणाले. तुम्ही इतका वेळ कशा उभ्या राहिलात?

“बाबा वाचून दाखवत होते,” ती म्हणाली. “मधेच कसं जाणार?”

डॉक्टरांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, चांगलं केलंत. मी काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. तरी ते दोन शब्द मी घेतले. घरी येईपर्यंत ते मी अनेकदा मनात म्हणून पाहिले.

तपासणीच्या दिवशी सगळी खोली लख्ख होती. आमच्या हिने मला बजावलं होतं की काहीही झालं तरी खुर्चीतून उठायचं नाही. तपासनीस बाई आल्या. केसांवर जाळी, हातात हातमोजे, खिशात बॅटरी. त्यांनी ओव्हनच्या मागे, फळ्यांच्या खाली, नळाच्या वरसुद्धा पाहिलं. मग सूनबाईचे हात पाहिले, दोन्ही बाजूंनी. हे तर भरलंय, त्या म्हणाल्या. पण अर्जावर जखमेची नोंद आहे, ती मला पाहिल्याशिवाय सोडता येत नाही.

याच क्षणी मी, आत कसं काय चाललंय म्हणून, दारात उभा होतो. मलमपट्टी बांधलेला तळवा आणि कोपरापर्यंतचा पुरळ घेऊन. बाईंनी माझ्याकडे बोट केलं आणि हे कोण म्हणून विचारलं.

मला सातवा नियम डोळ्यांसमोर दिसला. तो माझ्याच अक्षरात होता. मी म्हणालो, “मी कुणी नाही.”

मी दुरुस्ती केली की म्हणजे सासरा आहे. इथे काम करता का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे. कधीच नाही. मी नुसता वाचतो. खोटं बोलताना माझे कान लाल होतात आणि ते बहुतेक झाले असावेत, कारण बाईंचा विश्वास बसलेला दिसेना. त्यांनी विचारलं की याला कुणी साक्षीदार आहे का.

साक्षीदार जिन्यातच उभे होते. समोरच्या वहिनी पुढे आल्या आणि म्हणाल्या की इतक्या वर्षांत यांनी स्वतःची कपबशी मोरीत नेऊन ठेवलेली आपण पाहिली नाही. पोस्टमास्तर घायपातीपासून माझ्यावर नाराज होते. ते म्हणाले की या माणसाच्या हातून काम म्हणावं असं काही झाल्याचं आपण शपथेवर नाकारतो. मला बरं वाटत होतं, कारण सगळं आमच्या बाजूने चाललं होतं. मग आमच्या हिची साक्ष झाली. ती गाळणी कुठे असते हे मला माहीत नाही इथपासून सुरू झाली, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात शिरली आणि थांबेना. वाटीत मीठ का साखर हे मी आजही चाखून ठरवतो, असं तिने सांगितलं तेव्हा बाईंना हात वर करून तिला थांबवावं लागलं. समाधान झालं, त्या म्हणाल्या, हे गृहस्थ काहीही करत नाहीत. आणि त्यांनी पेन काढलं.

मी जमिनीकडे बघत होतो. परवाना मिळणार होता. एवढ्याशा गोष्टीचं माणसाने वाईट वाटून घेऊ नये.

“बाई, थांबा,” सूनबाई म्हणाली. “हे खोटं आहे.”

पेन थांबलं. आमच्या हिने सूनबाईच्या पाठीला कोपर लावलं. सूनबाई हलली नाही.

“रोजचं पीठ हे चाळतात. ट्रे हे घासतात. त्या दिवशी ट्रे काढताना भाजले तेही इथेच, आणि एक पाव पडू दिला नाही. मला परवाना हवाय, माझी झोप गेलीय त्याच्यापायी. पण माझ्याकडे काम करणाऱ्या माणसाला सगळ्यांनी उभं राहून निकामी ठरवायचं आणि मी त्यावर सही घ्यायची, हे मला जमणार नाही.”

बोलताना तिचा आवाज कापत होता. मला तिला सांगायचं होतं की अगं वेडे, गप्प बस, मला काही लागलेलं नाही. पण मी नुसता चष्मा काढून पुसत राहिलो, आणि तो मळलेला नव्हता.

तपासनीस बाईंनी पेन मिटलं. त्या परत फळ्यांकडे गेल्या आणि बरण्या बघायला लागल्या. एकेक उचलून चिठ्ठी वाचली, मागच्या बरण्यांच्याही वाचल्या. मग विचारलं, या कुणी लावल्या. मी हात वर केला, मलमपट्टीचा. कुठे शिकलात, त्यांनी विचारलं. ग्रंथालयात, मी म्हटलं. त्या म्हणाल्या की रोज चार ठिकाणी त्या तारखांवरून भांडतात, आणि इतकी नीट तारखांची नोंद त्यांनी मोठ्या कारखान्यातसुद्धा पाहिलेली नाही. मग भट्टीच्या टेबलावर कागद ठेवून त्या बराच वेळ लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं.

अर्जदारास परवाना मंजूर. स्वयंपाकघरात दोन कामगार. कामगार क्रमांक दोन यांच्या हाताला जखम आहे, सबब ती पूर्ण भरेपर्यंत त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नये. भरल्यावर डॉक्टरांचा दाखला घेऊन कामावर हजर व्हावं.

सूनबाई मटकन स्टुलावर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली, मग हसायला लागली. आमची ही म्हणाली की दोन कामगार म्हणे, आणि चहा टाकायला गेली. बाईंना आग्रह करून दोन बिस्किटंही दिली. वहिनी म्हणाल्या की बटाटा लावला असता तर एव्हाना तोही हात भरला असता. पोस्टमास्तर कुणाशी न बोलता वर गेले.

रुग्णालयाचा पाव पहिल्या तारखेला वेळेवर गेला. मी तो बघितला, पण बाहेरून. माझी खुर्ची आता भट्टीच्या खोलीच्या दारासमोर आहे, पाय बरोबर उंबऱ्याच्या अलीकडे. तिथून मी सूनबाईला कुठली बरणी आधी संपवायची ते सांगतो आणि ती ‘हो, बाबा’ म्हणून तीच काढते. डॉक्टर म्हणतात, हात सोमवारपर्यंत भरेल. मी पट्टी भिजू देत नाही आणि फोडांना हात लावत नाही. कुणी काही लावायला आणलं तर सरळ परत पाठवतो.

काल पोस्टमास्तर खाली आले. रुसवा गेला असावा. ते पूर्वीसारखं दारात टेकून म्हणाले, “काय, आज नुसतेच बसलेले दिसताय?”

“आजारी रजेवर आहे,” मी म्हणालो. “सोमवारी रुजू होतोय.”